आघातानंतर अंगात त्राण राहत नाही? हळुवार योगाची सुरुवात अशी करा

"डॉक्टर, हाड जुळलंय, एक्स-रे चांगला आलाय, पण अंगात त्राणच नाही. सकाळी उठले तरी रात्रभर दगड फोडल्यासारखं वाटतं."

पस्तिशीच्या एका महिलेचे हे शब्द आहेत. तिच्या दुचाकीला मागून ट्रकची धडक बसली होती. पायाचे हाड चार महिन्यांत भरून आले. पण हॉर्न वाजला की छातीत धस्स व्हायचे, रात्री दोन-तीनदा जाग यायची आणि दुपारपर्यंत सगळी शक्ती संपायची. मी तिला लोहाच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि एक सल्ला दिला, "थोडा योग सुरू करा." कोणता, किती आणि कसा, हे काही सांगितले नाही. ती जवळच्या एका शिबिरात गेली. तिथे पहिल्याच दिवशी डोळे मिटून जोरजोरात कपालभाती करायला लावली. दोन मिनिटांत तिचे हात बधिर झाले, छाती धडधडू लागली, अपघात पुन्हा होतोय असे वाटले आणि ती रडत बाहेर आली. पुढे कित्येक आठवडे तिने योगाचे नाव काढले नाही.

चूक योगाची नव्हती आणि तिचीही नव्हती. माझा सल्ला अर्धवट होता. तो पूर्ण करण्यासाठी हा लेख आहे. अपघात, मारहाण, पूर, आग, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, आयसीयूमधील दिवस किंवा घरातला दीर्घकाळचा छळ, अशा कोणत्याही आघातातून तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी सावरत असेल, तर पुढील माहिती उपयोगी पडेल.

आघातानंतर एवढा थकवा का येतो?

धोका समोर आला की मेंदूतील अमिग्डाला हा भाग गजर वाजवतो. अ‍ॅड्रेनालिन वाढते, नाडी जलद होते, स्नायू ताठ होतात, श्वास उथळ होतो. पळायला किंवा लढायला शरीर तयार होते. धोका टळला की हा गजर बंद व्हायला हवा. मोठ्या आघातानंतर मात्र तो अनेकांच्या बाबतीत अर्धवट चालूच राहतो. दार आपटले, फोन वाजला, मागून कोणी हाक मारली, की शरीर पुन्हा सज्ज होते. दिवसभर पहारा देणाऱ्या माणसाला संध्याकाळी थकवा येणारच. तुम्ही काही काम केलेले नसते, पण शरीराने दिवसभर काम केलेले असते.

त्यात झोपेची भर पडते. झोप लागायला उशीर, दचकून जाग, वाईट स्वप्ने यांमुळे गाढ झोपेचा वाटा कमी होतो. दुखापत झाली असेल तर अंथरुणात गेलेल्या दिवसांत स्नायू झपाट्याने रोडावतात. मग जिना चढणे हेही मोठे काम वाटू लागते. भूक मंदावते, खाणे कमी होते, आणि हे चक्र चालू राहते.

काही जणांना याच्या उलट अनुभव येतो. भीती वाटत नाही, पण काहीच वाटत नाही. अंग जड, मन सुन्न, कशातच लक्ष नाही. हीसुद्धा शरीराची बचावाचीच एक पद्धत आहे. याला आळस म्हणू नका आणि कोणाला म्हणू देऊ नका.

योगाआधी तपासणी

प्रत्येक थकवा मनाचा नसतो. आघातानंतर थकवा चार-सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रक्तस्राव झाला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर रक्तक्षय राहिलेला असू शकतो. चालू असलेली औषधेही दाखवा. ट्रामाडॉल, प्रीगॅबालिन, झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे यांनी सुस्ती येते. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते पाहा.

पुढीलपैकी काही असेल तर योग बाजूला ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा:

• पायाचे हाड मोडल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजणे, दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची ही लक्षणे असू शकतात.
• डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, बोलण्यात किंवा चालण्यात फरक. वयस्कर माणसांत हे काही आठवड्यांनीही दिसू शकते.
• हातापायात नव्याने आलेला अशक्तपणा, किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे.

हाड, मणका, बरगडी किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कोणत्या हालचाली कधीपासून चालतील हे तुमच्या सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. उच्च रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा गर्भधारणा असेल, तर डोके खाली जाणारी आसने टाळा.

हळुवार योगाने नेमके काय होते?

तीन गोष्टी होतात, आणि तिन्ही साध्या आहेत.

पहिली श्वासाची. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. व्हेगस या मज्जातंतूमार्फत मेंदू हृदयाला तसा निरोप देत असतो. श्वास संथ केला आणि सोडण्याचा वेळ लांबवला, की हा शांत करणारा निरोप जास्त वेळ मिळतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतल्यास रक्तदाब आणि नाडी यांचा मेळ चांगला बसतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

दुसरी स्नायूंची. बेताची हालचाल केल्याने ताठ राहिलेले खांदे, मान आणि जबडा सैल होतात, रक्तप्रवाह सुधारतो, आणि रोडावलेले स्नायू पुन्हा कामाला लागतात. हळूहळू तेच काम कमी थकव्यात होऊ लागते.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. आघाताच्या वेळी आपल्या शरीराचे काय होणार हे आपल्या हातात नव्हते. "हात आत्ता वर न्यायचा की नाही, हे मी ठरवणार" हा छोटा अनुभव रोज आला, की शरीर पुन्हा आपले वाटू लागते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतर उपचारांनी न सुधारलेला दीर्घकालीन आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी असलेल्या ६४ महिला त्यात होत्या. आठवड्यातून एक तास, असा दहा आठवडे आघाताचे भान ठेवून शिकवलेला योग केल्यावर ३१ पैकी १६ महिला या विकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या. आरोग्य शिक्षणाचे वर्ग केलेल्या गटात ही संख्या २९ पैकी ६ होती. आपल्याकडे २००८ मध्ये बिहारमध्ये कोसी नदीला आलेल्या पुरानंतर महिन्याभराने २२ पूरग्रस्त पुरुषांवर अभ्यास झाला. आठवडाभर रोज योग केलेल्या गटात उदासी कमी झाली, तर न केलेल्या गटात चिंता वाढली.

हे अभ्यास छोटे आहेत. योगाने सगळे बरे होते असा त्यांचा अर्थ नाही. मुख्य उपचारांच्या जोडीला योग उपयोगी पडतो, एवढे त्यांवरून म्हणता येते.

सुरुवातीला काय टाळावे?

• कपालभाती, भस्रिका आणि इतर जलद श्वसन. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग चक्कर, बोटांत मुंग्या, धडधड अशी लक्षणे येतात. शरीराला ती घबराटीसारखीच भासतात. माझ्या रुग्णाच्या बाबतीत हेच झाले होते.
• श्वास रोखून धरणे, म्हणजे कुंभक.
• डोळे मिटण्याची सक्ती. डोळे मिटल्यावर कित्येकांना नको ती दृश्ये दिसतात. डोळे उघडे ठेवून समोरच्या एखाद्या वस्तूकडे पाहिले तरी चालते.
• लांबलचक शवासन. उताणे, निश्चल पडून राहणे काहींना असुरक्षित वाटते. कुशीवर झोपा किंवा बसूनच विश्रांती घ्या.
• "अजून थोडं, अजून थोडं" असे ताणणे. वेदनेपर्यंत जायचे नाही.

पंधरा मिनिटांचा क्रम

भक्कम, हात नसलेली खुर्ची घ्या. ती भिंतीला टेकवून ठेवा. शक्यतो दार दिसेल अशा बाजूला तोंड करून बसा. बऱ्याच जणांना त्याने निवांत वाटते. सकाळची वेळ आणि खिडकीतून येणारा उजेड चांगला, कारण सकाळचा प्रकाश झोपेचे घड्याळ जाग्यावर आणायला मदत करतो. पोट जड नसावे. पण उपाशीपोटी चक्कर येत असेल तर अर्धा कप दूध किंवा एखादे केळे खाऊन मग करा.

१. पाय जमिनीवर (दोन मिनिटे). दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. आधी उजवी टाच दाबा, मग डावी. फरशी थंड आहे का, सतरंजी खरखरीत आहे का, ते जाणवू द्या. खोलीतल्या तीन वस्तूंकडे सावकाश पाहा. मन आघाताकडे धावले, तर क्रमात कुठेही असलात तरी इथे परत या.

२. खांदे आणि मान (दोन मिनिटे). श्वास घेत खांदे कानांकडे न्या, सोडत खाली आणा. पाच वेळा. मान हळूच उजवीकडे, मग डावीकडे वळवा. गोल फिरवू नका. मानेला मार लागला असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारून करा.

३. खुर्चीतले मार्जारासन (दोन मिनिटे). हात गुडघ्यांवर ठेवा. श्वास घेताना छाती किंचित पुढे, सोडताना पाठ गोल. सहा वेळा. गती तुमच्या श्वासाची असू द्या.

४. उठणे-बसणे (दोन मिनिटे). खुर्चीच्या कडेला या, पाय खांद्यांइतके अंतर ठेवून टेकवा, आणि श्वास सोडत उभे राहा. सावकाश बसा. तीन वेळांपासून सुरुवात करा. मांड्यांची ताकद परत आणणारा हा सर्वांत उपयोगी भाग आहे. पायावर भार द्यायला मनाई असेल तर गाळा.

५. भिंतीजवळ ताडासन (दोन मिनिटे). पाठ भिंतीला टेकवून उभे राहा. श्वास घेत हात खांद्याच्या उंचीपर्यंत, जमल्यास वर न्या. सोडत खाली आणा. पाच वेळा. हात वर नेल्यावर उघडे पडल्यासारखे वाटले तर फक्त तळहात पुढे वळवा. उठताना चक्कर येत असेल तर हे बसूनच करा.

६. लांब उच्छ्वास (दोन मिनिटे). बसा. नाकाने तीन मोजत श्वास घ्या आणि चार किंवा पाच मोजत सोडा. मोजण्याने अस्वस्थ वाटत असेल तर भ्रामरी करा, म्हणजे ओठ मिटून 'म्' असा गुंजारव करत श्वास सोडा. त्याने उच्छ्वास आपोआप लांबतो. कान बंद करण्याची गरज नाही. पाच-सहा वेळा पुरे.

७. विश्रांती (तीन मिनिटे). कुशीवर झोपा, गुडघ्यांत उशी घ्या, हवी तर अंगावर चादर ओढा. किंवा खाली झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. डोळे उघडे किंवा मिटलेले, जसे बरे वाटेल तसे. उठताना आधी कुशीवर या, मग हाताच्या आधाराने बसा.

ज्यांना थकव्याबरोबर सुन्नपणा जास्त आहे, त्यांनी उभ्याने करायच्या भागाला थोडा अधिक वेळ द्यावा. ज्यांची धडधड आणि दचकणे जास्त आहे, त्यांनी पाय टेकवणे आणि लांब उच्छ्वास यांवर भर द्यावा. रात्री झोपण्यापूर्वी फक्त पहिला, सहावा आणि सातवा भाग करता येईल.

किती करावे, कधी वाढवावे?

पहिल्या आठवड्यात पाच-सहा मिनिटे पुरेशी आहेत. पहिला, दुसरा आणि सहावा भाग करा. दुसऱ्या आठवड्यात तिसरा आणि चौथा जोडा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पूर्ण क्रमावर या. आठवड्यातून पाच दिवस केले तरी चालते.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक सांगतो. एखादा दिवस बरा जातो. मग माणूस त्याच दिवशी तासभर योग करतो, कपाट आवरतो, बाजारात जातो आणि पुढचे दोन दिवस पडून राहतो. हे टाळण्यासाठी दुसऱ्या दिवसाचा नियम पाळा. आज केल्यावर उद्या सकाळी थकवा नेहमीइतकाच किंवा कमी असेल, तर प्रमाण बरोबर आहे. वाढला असेल तर ते निम्मे करा. बऱ्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा जास्त करायचे नाही, आणि वाईट दिवशी निदान पाय टेकवून पाच श्वास घ्यायचे. कॅलेंडरवर रोज झोपेचे तास आणि थकव्याला दहापैकी किती गुण, एवढे लिहून ठेवा. सुधारणा इतकी सावकाश होते की लिहिले नाही तर दिसतच नाही.

करताना धडधड वाढली, अंग बधिर झाले, जुने दृश्य डोळ्यांसमोर आले, तर थांबा. डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्या, पाणी प्या. आज कोणता दिवस आहे आणि आपण कुठे आहोत हे स्वतःला सांगा. थांबलात म्हणजे हरलात असे नाही. अचानक रडू येऊ शकते, त्यातही घाबरण्यासारखे काही नाही. पण हे वारंवार होत असेल तर एकट्याने चालू ठेवू नका, तज्ज्ञांना सांगा.

वर्गात जायचे असेल तर

आधी शिक्षकांना भेटा आणि चार गोष्टी विचारा. मध्येच थांबलेले किंवा बाहेर गेलेले चालेल का? आसन नीट करण्यासाठी तुम्ही अंगाला हात लावता का, आणि लावण्याआधी विचारता का? डोळे उघडे ठेवलेले चालतील का? जलद प्राणायाम गाळलेला चालेल का? काय घडले ते त्यांना सांगण्याची गरज नाही. "माझी तब्येत नाजूक आहे, डॉक्टरांनी सावकाश करायला सांगितलंय" एवढे पुरे. या प्रश्नांवर जे नाराज होतात, त्यांचा वर्ग सध्या तुमच्यासाठी नाही.

घरच्यांसाठी

"झालं गेलं विसर", "किती दिवस असं पडून राहणार?", "योग केलास का आज?" ही वाक्ये प्रेमापोटीच येतात, पण ऐकणाऱ्याला ती ढकलल्यासारखी वाटतात. त्यापेक्षा शेजारी दुसरी खुर्ची ओढा आणि म्हणा, "मी पाच मिनिटं करतोय, बसायचं तर बस." नाही म्हटले तर ते मान्य करा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी समोर या. त्या पंधरा मिनिटांत टीव्ही बंद ठेवा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत खेळवा. जेवणात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पालेभाजी वेळेवर मिळेल हे पाहा. योगाने स्नायू घडवायचे तर त्यांना प्रथिने लागतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छळ किंवा मारहाण अजून चालू असेल, तर पहिली गरज सुरक्षित जागेची आहे. धोका खरा असताना शरीराचा गजर बरोबरच वाजत असतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि तातडीच्या वेळी ११२ वर फोन करता येतो.

फक्त योग पुरेसा नाही, हे कसे ओळखावे?

आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भीती, झोपमोड, दचकणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेक जण हळूहळू सावरतात. पण एक महिन्यानंतरही प्रसंग पुन्हा घडतोय असे वाटणे, वाईट स्वप्ने, त्या रस्त्याला किंवा त्या विषयाला टाळत राहणे, सतत सावध असणे, आणि त्यामुळे काम किंवा नाती बिघडणे असे चालू असेल, तर ते पीटीएसडी असू शकते. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आघातावर केंद्रित असलेले समुपदेशन, ईएमडीआर नावाची उपचारपद्धती आणि गरजेनुसार सर्ट्रालीनसारखी औषधे, असे परिणामकारक उपचार आहेत. झोपेसाठी दुकानातून परस्पर अल्प्राझोलाम घेऊ नका, त्याची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो. दारूचेही तेच.

जगणे नको वाटणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे, हे एकदाही झाले तर वाट पाहू नका. घरातल्या कोणाला तरी सांगा आणि टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. घरच्यांनी अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

माझी ती रुग्ण नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. जोडीला खुर्चीतला हा क्रम तिने पाच मिनिटांपासून सुरू केला. तीन महिन्यांनी आली तेव्हा तिच्या कॅलेंडरवर थकव्याचे गुण आठवरून चार-पाचवर आलेले होते. महामार्गावर तिने अजून दुचाकी नेलेली नाही, आणि मीही घाई करायला सांगितलेले नाही. पण भाजी आणायला ती आता पायी जाते आणि पिशवी स्वतः उचलून आणते.

तुम्हीही उद्या सकाळी एवढेच करा. खुर्चीत बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, पाच श्वास सावकाश सोडा. पहिल्या दिवसासाठी तेवढे पुरेसे आहे.